धूर त्यांचा, रान आपले. बिल कुणाच्या नावावर?



शहरातल्या सभांतून हल्ली एक नवी थाप मारली जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर बिघडले कुठे? तो तर झाडांचा घास. जंगले जोमाने वाढतील आणि सगळा धूर पिऊन टाकतील. शिवाय धुरातून आणि खतातून उडालेला नत्र पावसाबरोबर रानावर पडतोच आहे. म्हणजे रानाला फुकटचा युरिया! तेव्हा ज्याला धूर सोडायचा त्याने सोडावा, वर रोपे लावून फोटो काढावेत. आपल्या सरकारने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता, तो याच पठडीतला.

शेती शिकलेल्या कुणालाही ही थाप पटू नये. हवेतला घास वाढला, हे खरे. हवाई बेटावर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. वाढीव वायूत पान पाणी थोडे जपून वापरते, हेही खरे. पण पीक एका घासावर वाढत नाही. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्याच्यापाशी वाढ अडते. लिबिगचा हा नियम कृषी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतात.

आणि ढोकीच्या ऊसवाल्याला तो महाविद्यालयात न जाताही ठाऊक आहे. पाचट कुजवायचे तर टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट टाका, अशी शिफारस आहे. का? पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावाला. वरून नत्र दिला नाही तर कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. जंगलात तेच घडते. वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये पानातला कर्ब वाढतो, नत्राचे प्रमाण घटते. ते पान गळून पडले की सावकाश कुजते, नत्र पाचोळ्यात अडकून बसतो, आणि झाडाची वाढ थबकते.

हे उभ्या जंगलात मोजलेले आहे. अमेरिकेत ओक रिज येथे झाडांच्या रांगांवर वर्षानुवर्षे जादा कार्बन डायऑक्साइड सोडला. सुरुवातीला वाढ २४ टक्क्यांनी जास्त भरली. २००८ पर्यंत ती ९ टक्क्यांवर आली. कारण नत्राची टंचाई. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ निलगिरीच्या जुन्या जंगलात जमिनीत स्फुरद कमी होता. तिथे झाडांनी हवेतून १२ टक्के जादा कर्ब घेतला, पण लाकूड काही वाढले नाही. घेतलेला बराचसा कर्ब मातीच्या आणि झाडांच्या श्वासातून पुन्हा हवेत गेला. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कसा अडकून बसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मग वरून पडणारा नत्र बराच की, असे कुणी म्हणेल. तर ऐका. शेतातला नत्र आपण कापणीबरोबर बाहेर काढतो. रानात कापणी नाही. तिथे गरजेपेक्षा जास्त झालेला नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि जाताना चुना, मॅग्नेशियम, पालाश घेऊन जातो. युरोप-अमेरिकेतल्या जंगलांच्या जमिनी अशाने आंबट झाल्या आणि मुळांना जाचणारे ॲल्युमिनियम मोकळे झाले.

आपली काळी, चुन्याची जमीन इतक्या लवकर आंबट होणार नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या जिल्ह्यात जंगल आहेच किती? भूभागाच्या एक टक्काही नाही. ढोकीजवळचे येडशी-रामलिंगचे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर, तेही बालाघाटाच्या उथळ मुरमावर. अशा रानात जादा नत्राचा फायदा उचलते ते भराभर वाढणारे गवत आणि तण. ते कोवळी रोपे दाबते आणि फाल्गुन-चैत्रात वणव्याचे सरपण होते. बाभळीसारखी झाडे मुळांच्या गाठींत स्वतःचा नत्र तयार करतात. तो फुकट पडू लागला की त्यांचे हे बळ वाया जाते.

आता प्रश्न असा, की हा नत्र येतो कुठून? वाहनांतून, कोळशाच्या वीज केंद्रांतून, आणि हो, आपल्या युरियातूनही. काळ्या जमिनीवर वरच्या वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. पण शेतकरी युरिया का फेकतो? १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना ठरावीक अनुदान देऊन त्यांचे भाव सोडून दिले आणि युरिया मात्र सरकारी भावात बांधून ठेवला. आज ४५ किलोची गोणी २७० रुपयांच्या आत मिळते, डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १३५० रुपये पडतात. भाव सरकारने वाकडा केला आणि अडाणी मात्र आपण!

वीज केंद्रांची कथा उलटी. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर मर्यादा घातली. २००४ ते २०१६ मध्ये बसवलेल्या संचांना घनमीटरला ३०० मिलिग्रॅमची अट होती. ती जड जाते म्हणताच २०२० मध्ये ४५० केली. शेतकऱ्याला एखादी अट जड गेली म्हणून ती कधी दीडपट सैल झाल्याचे आठवते का?

नेदरलँड्सकडे पाहा. तिथल्या सरकारने नत्राचा प्रश्न वर्षानुवर्षे कागदावर सोडवला. मे २०१९ मध्ये न्यायालयाने तो कागद फाडला, परवाने अडले, आणि गोठे कमी करा असे शेतकऱ्यालाच सांगण्यात आले. त्या ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन द हेगच्या रस्त्यावर उतरले. आपल्याकडे ती पाळी येण्याआधी हिशेब मांडायला हवा. ज्याच्या हाती मोजणी नाही, त्याच्याच नावावर बिल फाटते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे हे ठराव ठेवत आहे:

१. रामलिंगच्या रानातली माती आणि पावसाचे पाणी दरवर्षी तपासावे आणि नत्राचे आकडे आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लावावेत.

२. वीज केंद्रांना दिलेली सूट मागे घ्यावी.

३. युरियावरचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या हाती द्यावे. कोणते खत घ्यायचे ते माती पाहून तो ठरवील.

४. लावलेली रोपे मोजू नयेत; तिसऱ्या वर्षी जगलेली झाडे मोजावीत.

५. आपल्यापुरते: पाचट जाळायचे नाही. युरिया हप्त्याहप्त्याने आणि मातीआड द्यायचा.

पाचवा ठराव आपण आजपासून पाळू. म्हणजे पहिले चार मागताना कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.