पाहुणा निवडून घ्यायचा काय?

विद्यार्थ्यांची सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे सुखवस्तू मुलांचा परदेशप्रवास, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. आम्हांला ती मान्य नाही. दोन महायुद्धांत जखमींना रणांगणावरून वाहून नेणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’च्या स्वयंसेवकांनी १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांना परक्या देशांतील कुटुंबांत राहावयास धाडले. जो एकदा आपल्या घरी जेवला, त्याच्यावर बंदूक रोखताना हात कचरेल, हा त्यामागील विश्वास. आपल्याकडे साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, तेही प्रांताप्रांतांतील दुरावा मिटावा म्हणूनच.

बारामती-इंदापूरकरांना आतिथ्य शिकवावे लागत नाही. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने जाते, तेव्हा अनोळखी वारकऱ्यासाठी घरोघर चुली पेटतात. पण वारकरी एका रात्रीचा पाहुणा. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात, कोपी उभारून चार-पाच महिने राहतात. त्यांची मुले गावची शाळा सोडून आलेली असतात. त्यांतल्या एकाचे तरी नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?

“त्या मुलांपाशी देण्यासारखे काय आहे?” असे कोणी विचारील. हा प्रश्नच आपल्या अज्ञानाची कबुली आहे. बालाघाटाच्या डोंगराळ मुलखाची बोली, तिथल्या ओव्या, बैलांची पारख, दुष्काळाशी झुंजण्याची रीत, हे आपल्या मुलांना कोणत्या पुस्तकात सापडणार? उसावर समृद्ध झालेल्या या तालुक्यांनी तो ऊस कोणाच्या कोयत्याने तुटतो हे मुलांपासून दडवावे, हे शिक्षण नव्हे.

आमची सूचना साधी आहे. हंगामात, आईवडिलांच्या संमतीने, कोपीवरील मुलाने रविवार आपल्या घरी घालवावा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मुलाने पाटोदा-धारूरकडे त्याच्या घरी चार दिवस राहावे. परतभेट टाळली, तर ती देवाणघेवाण नव्हे, केवळ दानधर्म होईल. यामुळे मजुरीचा वा शाळेचा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्याच्या घरची भाकरी आपण खाल्ली, त्याच्या मजुरीविषयी आपण फार काळ मूग गिळून बसू शकत नाही.

परदेशी विद्यार्थ्यासाठी आपले दार अवश्य उघडे असावे. मात्र बांधावरच्या पाहुण्याला तेच दार बंद राहणार असेल, तर त्याला आतिथ्य म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.