चार चाकांचा भरवसा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणात मूल फुलबाजी पेटवू लागले, की आपण वडीलमंडळी किती जागरूक असतो! सुती कपडे घाल, हात लांब धर, तोंड मागे घे, अग कोणीतरी पाण्याची बादली आणून ठेवा! अर्ध्या मिनिटात विझणाऱ्या एका तारेसाठी एवढा बंदोबस्त. आणि भाऊबीज आटोपली, की हीच मंडळी त्याच मुलाला घेऊन थंड हवेच्या ठिकाणी नाहीतर कोकणच्या किनाऱ्यावर जातात, भाडेवाल्याच्या हातावर पैसे ठेवतात, आणि एका धूडावर मुलाला बसवून म्हणतात, ‘‘जा, मारून ये एक फेरी!’’

या धूडाला एटीव्ही म्हणतात. जाड फुगीर टायरांची चार चाके, फटफटीसारखे हँडल आणि घोड्यावर मांड ठोकावी तशी बैठक. मोठ्यांसाठी बनवलेली गाडी दोन-तीनशे किलो भरते. डोंगरातली पायवाट, शेत, वाळू, चिखल यांवर चालावी म्हणून ती निर्माण झाली. तिच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते आपल्या एका लाडक्या वाक्याशी. ते वाक्य असे : ‘‘चार चाके आहेत, पडेल कशी?’’

गेल्या दिवाळीत हे वाक्य माझ्या मेहुण्यांनी उच्चारले. भाचा बारा वर्षांचा. मी जरा कुरकुरलो, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘अहो मास्तर, चार चाके आहेत! पडायला ती काय सायकल आहे?’’ मी गप्प बसलो. हेल्मेटे होती, पण ती भाडेवाल्याच्या टपरीत खुंटीला टांगलेली होती. पोराने उतार अर्धा चढल्यावर हँडल वळवले आणि गाडी आडवी झाली. ती त्याच्या अंगावर न थांबता पलीकडे घरंगळली, म्हणून हंसळीच्या हाडावर निभावले. भाडेवाला म्हणाला, ‘‘पोराने हँडल जास्त वळवले.’’ जणू हँडल किती वळवावे हे त्याने पोराला आधी सांगितले होते! त्याच्यावर मी संतापलो खरा. परंतु वर्षभर मला खात आले आहे ते माझे स्वतःचे गप्प बसणे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर ऐका. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये अशी योजना असते, की वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरू शकते. पुष्कळशा एटीव्हींत ही योजना नसते; मागची दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात. वळायचे तर एका चाकाला घसरावेच लागते. मातीत ते घसरते. डांबरावर टायर पकड धरतो आणि गाडी भलतीकडे ओढते. म्हणून ही गाडी डांबरी रस्त्यावर आणूच नये. शिवाय ती उंचीच्या मानाने अरुंद. तिचा तोल चाके सांभाळत नाहीत, तो बसणाऱ्याने अंगाने सांभाळायचा असतो. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकून खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरायचे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला अंग टाकायचे, आणि चढाच्या मध्यावर कधीही वळायचे नाही. बैठक लांब असते ती या सरकण्यासाठी; मागे आईला किंवा पुढे धाकट्याला बसवण्यासाठी नव्हे! तीस-पस्तीस किलोचे पोर एवढ्या धूडाचा तोल कसा सावरणार?

जगाने हा धडा पूर्वीच गिरवला आहे. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत अशी तीन चाकांची गाडी विकायला काढली. तिने इतके अपघात केले, की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यान्वये कंपन्यांनी नव्या तीनचाकी गाड्या विकणे थांबवले. मग चार चाकांवर तरी भरवसा ठेवला का? नाही. मोठ्यांची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, असेच तेथे बजावण्यात आले. ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर २०२१ पासून नव्या शेतकामाच्या चारचाकींना, उलटल्यास माणूस खाली चिरडू नये म्हणून, संरक्षक कमान सक्तीची आहे. ज्यांच्या शेतांत या गाड्या रोज राबतात त्यांना चार चाकांचा भरवसा वाटत नाही. आम्हाला मात्र दहा मिनिटांच्या फेरीत वाटतो!

कोणी म्हणतील, ‘‘मास्तर, मुलांना जरा धीट होऊ द्या.’’ अवश्य होऊ द्या! आमच्या वडिलांनी आम्हाला विहिरीत ढकलले, ते पाठीला भोपळा बांधून, आणि स्वतः पाण्यात उभे राहून. धीटपणा तसा शिकवायचा असतो. भोपळ्यावाचून ढकलणे याला धीटपणा म्हणत नाहीत. दुसरे कोणी म्हणतील, भाडेवाल्याच्या पोटावर पाय आणू नका. त्याने दोन पैसे जास्त घ्यावेत. परंतु आधी सपाट जागेवर थांबणे, वळणे, ब्रेक लावणे शिकवावे, हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली देऊ नये, आणि मुलासाठी मुलाच्या मापाची गाडी ठेवावी. हे न करणाऱ्याकडून आपण उठून जावे. गिऱ्हाईक उठले म्हणजे दुकानदाराला शहाणपण लवकर सुचते.

रस्त्यावर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून रस्त्यावर आपण भितो. दोरी बांधलेल्या माळावर आलो, की भीती पळते. पण माळावरची जमीन डांबराहून मऊ नसते, आणि पावसाळ्यानंतरच्या कमरेएवढ्या गवताखाली दगड व घळी दडलेल्या असतात. म्हणून मळलेली वाट सोडू नये. सड्यावरची फुले चाकाखाली येऊ नयेत हेही त्याच एका नियमात साधते.

भाचा यंदा पुन्हा जायचे म्हणतो आहे. हाड जुळले आहे, हौस तशीच आहे, आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. मी बरोबर जाणार आहे. त्याच्या मापाची गाडी, शिकवणारा माणूस आणि डोक्यावर हेल्मेट एवढे मिळाले, तर त्याने खुशाल फिरावे. मी वाटेच्या कडेला उभा राहीन. न मिळाले, तर आम्ही दोघे टेकडी पायी चढू. आणि मेहुण्यांनी पुन्हा ते चार चाकांचे वाक्य काढले, तर यंदा मी गप्प बसणार नाही.