रेघेआधी तक्ता

इतिहासाच्या प्रकल्पांत हाताने रंगवलेल्या नकाशांच्या जागी संगणकावर काढलेले मार्ग-नकाशे येऊ लागले आहेत. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र रेघ देखणी आली की गुण द्यायचे, ही पद्धत आम्हांस मान्य नाही. गुण रेघेमागच्या तक्त्याला मिळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकाला इतिहास ठाऊक नसतो. त्याला प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश, रेखांश आणि क्रमांक असा तक्ता द्यावा लागतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर आपले ग्वाल्हेर नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. क्रमांकाचा रकाना राहिला, तर नावे ज्या ओळीने लिहिली त्या ओळीने, किंवा वर्णानुक्रमे, ठिपके जोडले जातात. पानिपतच्या मोहिमेची ठिकाणे वर्णानुक्रमे लावून पाहा : कुंजपुरा, ग्वाल्हेर, दिल्ली, पानिपत, बऱ्हाणपूर. म्हणजे भाऊसाहेबांची फौज कुंजपुऱ्याहून निघाली आणि पानिपत आटोपून बऱ्हाणपुरास सुखरूप परतली!

अशी चूक पाहताक्षणी हसू येते, म्हणून ती सापडते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा आहे. दक्षिणेतून येणारी रेघ दिल्ली, मग पानिपत, मग कुंजपुरा अशी सरळ वर गेली, तर कोणाला खटकणारही नाही, कारण नकाशावर ही ठिकाणे याच क्रमाने लागतात. प्रत्यक्षात मराठी फौज ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीत आली, पुढे उत्तरेला जाऊन ऑक्टोबरमध्ये तिने कुंजपुरा जिंकला, आणि तेथून मागे फिरून ती पानिपतला थांबली. दरम्यान अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. दक्षिणेची वाट तुटली, रसद आटली आणि उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी दक्षिणेकडून गेलेले मराठे दक्षिणेकडेच तोंड करून का लढले, याचे उत्तर त्या परतीच्या छोट्या रेघेत आहे. दोन क्रमांक उलटे पडले की ते उत्तरच नकाशावरून पुसले जाते.

दुसरी गोष्ट सरळ रेघेची. बऱ्हाणपूर आणि ग्वाल्हेर हे दोन ठिपके दिले की संगणक सरळ रेघ ओढतो. सातपुड्यातला घाट कोठे, नर्मदेला उतार कोठे, हे त्याला माहीत नसते. फौज त्या रेघेवरून चालली, असे मात्र पाहणाऱ्याला वाटते. म्हणून जेथे पुरावा आहे तेथे सलग रेघ आणि जेथे अंदाज आहे तेथे तुटक रेघ काढावी. तुटक रेघेचे गुण कापू नयेत. उलट, आपल्याला किती ठाऊक नाही हे ज्या मुलाने ओळखले, त्याला दोन गुण जास्त द्यावेत.

शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा नकाशा काढला. त्याच्यापाशी संगणक नव्हता. जाताना ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा परतताना १०,००० इतका बारीक होतो, तो पाहून आजही पोटात कालवते. पण आमच्या मुलांनी त्यातली आणखी एक गोष्ट पाहावी. माहिती कोणाकोणाच्या लिखाणातून घेतली, ती नावे मिनारने नकाशावरच छापली आहेत.

कोणी म्हणेल, परीक्षेत हे विचारत नाहीत, मग मुलांवर भार कशाला? आम्हांस तसे वाटत नाही. मोबाईलवरच्या नकाशांपासून निवडणुकीच्या आलेखांपर्यंत अशी चित्रे मुलांना आयुष्यभर भेटणार आहेत. तक्ता कोठून आला हे विचारण्याची सवय शाळेत लागली नाही, तर पुढे ती कोण लावणार?

विश्वस्त मंडळास विनंती की, यासाठी महागडे सॉफ्टवेअर घेऊ नये. क्यूजीआयएस हे विनामूल्य मिळते आणि शाळेच्या कामास पुरते. वाचलेले पैसे ग्रंथालयात ऐतिहासिक पत्रव्यवहाराचे खंड आणि चांगले नकाशासंग्रह घेण्यास द्यावेत. पालकांनी प्रकल्प स्वतः करून देऊ नयेत; मुलांना ग्रंथालयात मात्र जरूर घेऊन जावे. आणि इतिहासाच्या व संगणकाच्या शिक्षकांनी हा प्रकल्प मिळून द्यावा. सुरुवातीला सबंध मोहीम नको, ग्वाल्हेर ते दिल्ली एवढाच टप्पा पुरे. तक्त्यात ठिकाण, तारीख, क्रमांक आणि आधार असे चार रकाने असावेत, आणि चौथा रकाना भरल्याशिवाय रेघ काढू देऊ नये.