आरोग्यचिंतन : तपासणाऱ्या डोळ्यांचीही तपासणी

पेढीवरचा तराजू ठरावीक मुदतीने शासकीय निरीक्षकाकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. रोजकीर्द एकाने लिहावी आणि ती दुसऱ्याने तपासावी, हा व्यापारातील जुना शिरस्ता आहे. यात लिहिणाऱ्याच्या सचोटीवर अविश्वास नसतो. माणसाच्या हातून चूक होतेच, एवढेच त्यात मान्य केलेले असते. परंतु हीच सावध मंडळी रक्ताचा अहवाल हाती आला की दशांश चिन्हापुढील आकड्यापर्यंत तो निर्विवाद मानतात. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा निराळा आला, तर पहिल्या प्रयोगशाळेने फसवले असा निर्णय तत्काळ देतात. अंधविश्वास आणि अविश्वास ही दोन्ही टोके टाळायची असतील, तर वैद्यकीय तपासणीत मानवी चूक कशी शिरते, ती कशी मोजतात आणि कशी सुधारतात, हे गृहस्थाने समजून घेतले पाहिजे.

या विषयातील एक मूलभूत धडा क्षयरोगाच्या शोधातून मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून सामुदायिक तपासणी मोठ्या प्रमाणावर चालू होती. चित्र मोठ्या फिल्मवर घ्यावे की लहान, स्वस्त फिल्मवर, हा प्रश्न सोडवण्यासाठी १,२५६ व्यक्तींची चित्रे निरनिराळ्या पद्धतींनी काढण्यात आली. पाच अनुभवी तज्ज्ञांनी ती स्वतंत्रपणे वाचली. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा फिल्मचा प्रश्न मागे पडला. दोन प्रकारच्या फिल्ममध्ये जेवढा फरक होता, त्याहून अधिक फरक दोन वाचकांमध्ये होता. एकट्या वाचकाच्या नजरेतून दोषयुक्त चित्रांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश चित्रे निसटत होती. त्याहून विस्मयकारक बाब अशी की, तीच चित्रे काही काळाने त्याच तज्ज्ञापुढे पुन्हा ठेवली, तर दोषयुक्त चित्रांच्या बाबतीत साधारण पाचांतून एकदा तो स्वतःच्याच आधीच्या मताशी असहमत होत असे.

या अभ्यासातील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी त्याच वर्षी चुकांचे दोन भाग करून त्या मोजण्याची रीत मांडली. खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जण तपासणीत सापडले, ही झाली संवेदनशीलता. निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना निरोगी ठरवले, ही झाली विशिष्टता. पहिली कमी पडली तर रोगी निश्चिंत मनाने घरी जातो आणि रोग वाढतो. दुसरी कमी पडली तर निरोगी माणसाच्या वाट्याला निष्कारण औषध आणि भय येते. एका बाजूची चूक कमी करू जाता दुसऱ्या बाजूची वाढू शकते, म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

दोन तज्ज्ञांचे मत किती जुळते, हे मोजतानाही एक फसगत संभवते. समजा, १०० चित्रे दोन डॉक्टरांनी वाचली आणि प्रत्येकाने १० चित्रांत दोष सांगितला. ९० चित्रांबाबत दोघांचे एकमत झाले. नव्वद टक्के एकमत ऐकायला उत्तम वाटते. परंतु दोघांनी चित्रे न पाहता केवळ चिठ्ठ्या टाकून दहा-दहा चित्रे निवडली असती, तरी सरासरी ८२ चित्रांबाबत त्यांचे मत जुळले असते. कारण बहुसंख्य चित्रे दोघेही निर्दोषच ठरवणार होते. म्हणजे योगायोगापलीकडे १८ चित्रांपुरताच वाव होता आणि त्यांतील केवळ ८ त्यांनी मिळवली. हे गुणोत्तर ०.४४ एवढे येते. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली सुचवलेले हे माप 'कॅपा' या नावाने ओळखले जाते. वरच्या उदाहरणात प्रत्येकाने सांगितलेल्या दहा दोषांपैकी केवळ पाच समान होते, ही वस्तुस्थिती नव्वद टक्क्यांच्या आकड्याआड झाकली गेली होती.

मोजमाप झाल्यावर उपाय शोधता येतो. पहिला उपाय दुहेरी वाचनाचा. एकाचे मत दुसऱ्यास न कळवता दोघांनी वाचावे आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निर्णय द्यावा. युरोपातील अनेक देशांत स्तनांच्या कर्करोगाच्या सामुदायिक तपासणीत मॅमोग्राफीची चित्रे अशीच दोघे वाचतात. एकाच्या नजरेतून चारांतील एक दोष निसटत असेल, तर दोघांच्या नजरेतून सोळांतील एकच निसटावा, असे गणित सांगते. प्रत्यक्षात लाभ इतका मोठा नसतो. कारण जी अस्पष्ट छाया पहिल्याला दिसली नाही, ती दुसऱ्यालाही दिसणे कठीणच असते. तरीही निसटणाऱ्यांची संख्या निश्चित घटते. आपल्या देशातही क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या काचपट्ट्यांची फेरतपासणी करण्याची पद्धत आहे. काही काचपट्ट्या निवडून वरिष्ठ तंत्रज्ञापुढे ठेवल्या जातात आणि आधीचा निष्कर्ष त्याला सांगितला जात नाही. आधीचे उत्तर माहीत असले की डोळे तेच पाहू लागतात, म्हणून ही दक्षता.

रक्ताच्या चाचणीत यंत्र आकडा देते, परंतु यंत्रामागेही माणूस असतो. १९४७ सालीच अमेरिकेतील बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी एकाच द्रावणाचे नमुने पेनसिल्व्हेनियातील ५९ रुग्णालयीन प्रयोगशाळांना पाठवले. उत्तरे एकच यायला हवी होती. ती इतकी विखुरलेली आली की बाहेरून नमुने पाठवून प्रयोगशाळा पडताळण्याची प्रथा त्यातून पुढे रूढ झाली. भारतात वेल्लूर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी योजना अनेक वर्षे चालवीत आहे. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातील गुणवत्ता-आलेख प्रयोगशाळेत आणला. ज्याचे मूल्य आधीच ज्ञात आहे असा नियंत्रण नमुना रोज रुग्णांच्या नमुन्यांबरोबर तपासायचा आणि आलेखावर बिंदू मांडायचा. समजा, त्या नमुन्याचे अपेक्षित मूल्य १०० आणि प्रमाण विचलन ३ आहे. मग वीसपैकी साधारण एकोणीस वेळा उत्तर ९४ ते १०६ यांच्या दरम्यान येईल. एखादा बिंदू बाहेर गेला तर तो योगायोग असू शकतो. परंतु लागोपाठ दोन बिंदू एकाच बाजूने बाहेर गेले, किंवा सलग दहा बिंदू मधल्या रेषेच्या एकाच अंगाला राहिले, तर काहीतरी सरकले आहे हे ओळखायचे आणि कारण सापडेपर्यंत रुग्णांचे अहवाल रोखून धरायचे. विखुरलेली चूक आणि एकाच दिशेला झुकलेली चूक यांत भेद आहे. पहिली पुन्हा मोजून, सरासरी काढून कमी होते. दुसरी मात्र शंभर वेळा मोजली तरी तशीच राहते.

एवढी दक्षता घेऊनही बहुसंख्य चुका यंत्राच्या खोलीत होतच नाहीत. इटलीतील पादुआ येथील प्रयोगशाळेने स्वतःच्या कामाची काटेकोर झडती घेऊन १९९७ साली हिशेब प्रसिद्ध केला. ४०,४९० चाचण्यांत १८९ चुका आढळल्या. त्यांतील सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच्या होत्या आणि प्रत्यक्ष चाचणीतल्या केवळ १३ टक्के. उरलेल्या अहवाल लिहिण्या-पोचवण्यातल्या होत्या. नावाची चिठ्ठी भलत्याच नळीवर लागणे, दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवणे, नमुना ताटकळत राहणे, अशा साध्या गोष्टींतून चूक शिरते. रक्त घेताना किंवा हाताळताना रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील साखर दर तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटत जाते, म्हणून साखरेसाठी वेगळी नळी वापरतात.

तपश्चर्या करणाऱ्या कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उपाशीपोटीच्या चाचणीसाठी साधारणतः आठ ते बारा तासांचा उपवास पुरतो आणि त्यात साधे पाणी चालते. पर्युषणात अठ्ठाईसारखी दीर्घ तपस्या झाली असेल, तर त्या दिवसांत व पारण्यानंतर लगेच काढलेल्या रक्तात यूरिक आम्ल आणि काहींमध्ये बिलिरुबिन वाढलेले दिसू शकते. पाणी कमी घेतले असल्यास रक्त दाट होऊन इतर आकडेही बदलतात. अशा वेळी आकडा खरा असतो, पण त्यावरून काढलेला रोगाचा अर्थ चुकीचा ठरू शकतो. नेहमीची तपासणी आहारविहार पूर्ववत झाल्यावर करावी. तपस्येच्या काळात तपासणी आवश्यकच ठरली, तर तपस्येचा प्रकार आणि दिवस डॉक्टरांना स्पष्ट सांगावेत.

गृहस्थाच्या हाती असलेले उपाय थोडे, पण मोलाचे आहेत. रक्त देताना आपले पूर्ण नाव व वय स्वतः सांगावे आणि नळीवरची चिठ्ठी समोरच लावून घ्यावी. चालू औषधांची माहिती द्यावी. जुनाट विकारात शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि दिवसाच्या एकाच वेळी तपासणी करावी, म्हणजे आधीच्या आकड्याशी तुलना सार्थ होते. प्रयोगशाळेस एनएबीएलची मान्यता आहे काय आणि ती बाह्य पडताळणीत भाग घेते काय, हे विचारण्यात संकोच नसावा. प्रकृतीशी न जुळणारा आकडा आला, तर औषध बदलण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने नव्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करावी. कर्करोगासारखे गंभीर निदान असेल, तर मूळ काचपट्ट्या दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला दाखवाव्यात. त्यात पहिल्याचा अपमान नाही. मात्र छातीत कळ, श्वास लागणे अशी तीव्र लक्षणे असताना अहवालावर वाद घालत थांबू नये आणि 'अहवाल चांगला आला' म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करू नये.

पादुआची प्रयोगशाळा आपल्या १८९ चुका मोजू शकली, कारण तेथे चूक दडवण्याऐवजी नोंदवली गेली. चूक सांगणाऱ्या तंत्रज्ञाला जेथे केवळ शिक्षाच मिळते, तेथे नोंदवहीत चुका दिसत नाहीत. त्या रुग्णाच्या देहावर दिसतात. प्रमाद कोणाकडूनही होतो. तो कबूल करून त्याचे कारण शोधणाऱ्या प्रयोगशाळेकडे, एखाद्या चुकीनंतरही, रुग्णाने पुन्हा विश्वासाने जावे. ज्या प्रयोगशाळेत आजवर एकही चूक झाली नाही असे छातीठोकपणे सांगितले जाते, तेथे मात्र दोन प्रश्न अधिक विचारावेत.