पातं नव्हे, पट्टी

शिसवाच्या फळीवर रंधा मारताना हातभर जागा आरशासारखी निघते आणि पुढे वीतभर खपल्या उठतात. या लाकडात एका थरातल्या रेषा इकडे कललेल्या, तर शेजारच्या थरातल्या तिकडे. रंधा कुठूनही चालवा, कुठे ना कुठे तो रेषेविरुद्ध जाणारच. म्हणून असलं लाकूड हातरंध्याचं नव्हेच, मशीनने घासून काढा, असं सर्रास सांगतात. घासून खपल्या जातात खऱ्या. पण लाकडाची झळाळीही मंदावते, आणि शिसवाचा बारीक भुसा नाकात जातो तो वेगळाच.

दुसरा पक्ष म्हणतो, धार लावा, झालं. धार हवीच, त्यात वाद नाही. पण खपली उठते कशी? पातं रेषेखाली शिरतं, पापुद्रा उचलला जातो आणि ताठ असल्यामुळे पहारीसारखा पुढचं लाकूड उचकटतो. चीर धारेच्या पुढे पळते. जिथे धार पोचलीच नाही, तिथे ती काय करणार?

तिसरे सांगतात, पातं उभं करा. नेहमीच्या लोखंडी रंध्यात ते 45 अंशांवर असतं. 60 वर नेलं की खपल्या कमी होतात, हे मान्य. मात्र ढकलायला जोर जास्त लागतो. शिवाय बहुधा नवा रंधा घ्यावा लागतो, म्हणजे सोय झाली ती दुकानदाराची!

उपाय हातातल्याच रंध्यात आहे. पात्याच्या पाठीवर स्क्रूने आवळलेली पट्टी पातं दाबून धरण्यापुरतीच आहे, असं समजून बरेच जण ती धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे ठेवतात. तिथे ती जवळजवळ निकामी. शेवटचा बारीक हात मारायचा असेल तेव्हा ती 0.1 ते 0.2 मिलिमीटरवर आणा. मग पापुद्रा उचलला जाताच पट्टीवर आपटून मोडतो, त्याची उचकटण्याची ताकद संपते. पट्टीची पुढची कड पन्नासेक अंशांची हवी आणि ती पात्याला पुरती चिकटलेली हवी. उजेडासमोर धरून पाहा, फट राहिली तर पापुद्रे अडकून रंधा चोंदतो. रंध्याचं तोंड मात्र आवळू नका. बसवणी जमली की पापुद्रा गुंडाळी न होता सरळ वर येतो. चुरगळून आला, तर पट्टी जरा जास्तच पुढे गेली.

हे नवं नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच असे पातं-पट्टीच्या जोडीचे, म्हणजे दुहेरी पात्याचे रंधे विकले जात. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांनी तर पापुद्रा पट्टीवर मोडताना चित्रफितीत टिपला आहे. गाठीभोवती अगदीच भोवरा असेल तिथे खरवडपट्टी घ्यावी लागते, तेवढा अपवाद. बाकी नव्या रंध्यावर पैसे घालण्याआधी जुन्याचा स्क्रू सैल करा, पट्टी पुढे सरकवा आणि मग वादाला या.