कात्री नव्हे, झिपही नव्हे

संपादक महोदय,


गेल्या अंकातल्या लेखात हेलिकेज या विकराला ‘डीएनए कापणारी कात्री’ म्हटलं आहे. हेलिकेज काहीच कापत नाही. दोन धाग्यांमधले हायड्रोजन बंध तेवढे ते सोडवतं. धागे अखंड राहतात.

वर्गात नेहमी दिली जाणारी ‘झिप’ची उपमाही (मीही वर्षानुवर्षं दिली) अपुरीच. झिप सपाट, डीएनए पिळाचा. काल दोनपदरी सुतळीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरीकडून पदर फाकवत गेले. वीतभर सुटली नाही तोच पुढचा पीळ घट्ट होऊन सुतळी स्वतःभोवतीच वळी घालू लागली. डीएनएचंही तसंच: ई. कोलाय जिवाणूत सेकंदाला त्याच्या हजाराच्या आसपास बेस-जोड्या उलगडतात. साडेदहा जोड्यांचा एक पीळ धरा, म्हणजे मिनिटाला साडेपाच हजारांवर फेरे! पुढे साचणारा हा ताण टोपोआयसोमरेज हे दुसरं विकर उतरवतं. कात्री म्हणायचंच तर त्याला म्हणा. ते धागा कापतं आणि लगेच सांधूनही देतं.

त्या जिवाणूचं हेलिकेज म्हणजे सहा सारख्या प्रथिनांचं कडं. एक धागा कड्यातून ओवलेला, दुसरा बाहेर. पेशीचं इंधन, एटीपी, खर्चत ते पुढे सरकतं. आरएनएवरची ‘डेड-बॉक्स’ हेलिकेजं मात्र अशी धावत नाहीत. आखूड जोड जागच्या जागी उचकटतात आणि सोडून देतात.

आणि हा नुसता पुस्तकी विषय नाही. नागिणीवरचं अमेनामेव्हिर हे औषध विषाणूच्या हेलिकेज-प्रायमेजलाच अडवतं. जपानमध्ये त्याला 2017 साली मान्यता मिळाली.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा