कवड्या की मण्यार?
सुरतेच्या उधना भागात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या आमच्या भाच्याने परवा मोबाइलवर एक छायाचित्र धाडून, ‘मामा, हा कोणता? शेजारी काळोतरो म्हणताहेत,’ अशी पृच्छा केली; चित्रात मोरीच्या कडेला चपलेशेजारी पडलेले एक काळसर वेटोळे आणि त्यावर विजेरीच्या झोतात फिके झालेले आडवे पट्टे, याहून अधिक काही नव्हते. गुजरातीतला काळोतरो म्हणजे आपला मण्यार, आणि त्याचा हुबेहूब सोंगाड्या तो बिनविषारी कवड्या. मण्याराचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक व मानेकडे पुसट, कवड्याचे नेमके उलट, शिवाय मण्याराच्या पाठीच्या मध्यावरील खवले षट्कोनी व शेजारच्यांहून मोठे, ही लक्षणे दप्तरी नमूद असली, तरी येथे मान वेटोळ्याखाली, शेपूट चपलेआड आणि खवले धुक्यात, तेव्हा साक्षीदारच गैरहजर असता निवाडा द्यावा कसा? ‘बहुधा कवड्या’ असा शेरा मारण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. परंतु जो जमिनीवर निजलेल्यास रात्री डसतो आणि ज्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, त्याच्या बाबतीत ‘बहुधा’ लिहिणारा मामा सुरतेपासून फार दूर असतो. (दंश झालाच, तर नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर इस्पितळात एकच प्रतिविष देतात, तेथेही आमच्या पांडित्यावाचून खोळंबत नाही.) ‘मण्यारच समज, पोरांना खाटेवर निजव, सर्पमित्राला बोलाव, आणि आणखी फोटो काढू नकोस,’ असे कळवले. तासाभराने उत्तर आले: साप मोरीतून निघून गेला होता, चप्पल मात्र अद्याप तेथेच होती.